कोरम गेला, काम थांबवत आहे

माझ्याकडे कागदाची एक पट्टी आहे. हिरव्या-पांढऱ्या ओळींचा, दोन्ही कडांना भोकं असलेला कॉम्प्युटरचा जुना कागद. शाई तपकिरी झाली आहे, एक घडी फाटायला आली आहे. तिच्यावर चार ओळी छापलेल्या आहेत. मूळ इंग्रजी आहेत, मराठीत साधारण अशा होतील:

ब या यंत्राशी संपर्क तुटला.
कोरम गेला, काम थांबवत आहे.
ब या यंत्राशी संपर्क पुन्हा जुळला.
कोरम परत आला, काम पुढे चालू करत आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये सतरा सेकंद गेले होते. कागदावर ते दिसत नाहीत, ऑपरेटरच्या लॉगवरून ते मी नंतर काढले.

या ओळी व्हॅक्सक्लस्टरच्या आहेत. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये जाहीर केलेली ही रचना. अनेक व्हॅक्स संगणक, आणि त्या सगळ्यांच्या सामायिक डिस्क सांभाळणारा एक वेगळा कंट्रोलर. हे सगळं जुळवणं, म्हणजे कंट्रोलरला क्रमांक देणं, यंत्रांना मतं देणं, डिस्कना नावं देणं, हे माझं उमेदीच्या वर्षांतलं काम होतं. त्या काळात ते नुसतं काम वाटायचं. पुढे इतर पुष्कळ यंत्रणा पाहिल्या, आणि मग या चार ओळी पुन्हा पुन्हा काढून वाचाव्याशा वाटू लागल्या. चांगली ओळ वाचावी तशा: कोणता शब्द का आला, कोणता आला नाही, आणि ती कशाच्या आधारावर उभी आहे.

आधार आधी पाहू.

या रचनेवरचा मूळ लेख १९८६ च्या मे महिन्यात एसीएमच्या 'ट्रान्झॅक्शन्स ऑन कॉम्प्युटर सिस्टिम्स' या नियतकालिकात आला. लेखक तिघे: नॅन्सी क्रोनेनबर्ग, हेन्री लेव्ही आणि विल्यम स्ट्रेकर. लेखाच्या शीर्षकात एक विशेषण आहे, 'क्लोजली कपल्ड'. त्याआधी दोनच शब्द रूढ होते. मेमरी एकच असलेली यंत्रं 'टाइटली' जोडलेली, आणि नुसत्या तारेवरून निरोप धाडणारी यंत्रं 'लूजली' जोडलेली. या तिघांनी मधली जागा शोधली आणि तिला नाव दिलं. मला ही मधली जागा जुन्या पुणेरी वाड्यासारखी दिसते. एकत्र कुटुंब म्हणजे एक चूल. सासूबाईंनी अंथरूण धरलं की सगळं घर उपाशी. वेगळ्या गावी राहणारे भाऊ म्हणजे फक्त पत्रव्यवहार. वाड्यात बिऱ्हाडं वेगळी, चुली वेगळ्या, प्रत्येकाच्या दाराला आपलं कुलूप, पण चौकातला हौद सगळ्यांचा एक. एका बिऱ्हाडात कुणी आजारी पडलं तरी दुसऱ्याची चूल पेटतेच. व्हॅक्सक्लस्टरमध्ये प्रत्येक यंत्राची मेमरी वेगळी, ऑपरेटिंग सिस्टिमही प्रत्येकाची आपापली चालू, आणि डिस्क मात्र सगळ्यांच्या.

आता तो हौद. पहिला कंट्रोलर एचएससी-५०, हायरार्किकल स्टोरेज कंट्रोलर. कपाटाएवढा, आत स्वतःचा प्रोसेसर, चोवीस डिस्क सांभाळण्याची ताकद. व्हॅक्स आणि हा कंट्रोलर एकमेकांना सीआय नावाच्या जाळ्याने जोडलेले, वेग सेकंदाला ७ कोटी बिट, जास्तीत जास्त सोळा जोडण्या. सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी म्हणजे स्टार कपलर. तिच्याबद्दल मला एक गोष्ट फार आवडते: तिला वीजच लागत नाही. सगळ्यांना जोडणारी जागा वीज गेली म्हणून बंद पडायला नको, म्हणून ती जागा विजेशिवाय चालेल अशीच बांधली. प्रत्येक यंत्रापासून तिच्यापर्यंत केबलची वाटही दुहेरी.

व्हॅक्सने कंट्रोलरला फक्त म्हणायचं, अमुक क्रमांकाचा ब्लॉक दे. डिस्कची तबकडी कुठे खराब झाली आहे, खराब ब्लॉकच्या बदल्यात कोणता वापरायचा, दहा मागण्या आल्या तर डोकं कोणत्या क्रमाने फिरवलं म्हणजे कमी धावपळ होईल, हे सगळं कंट्रोलर आपल्याकडे घेतो. यंत्रांना डिस्क अखंड, निर्दोष दिसते. पण एक गोष्ट तो आपल्याकडे घेत नाही: मागणाऱ्याचा अधिकार. कोणत्या व्हॅक्सने लिहावं आणि कोणत्या व्हॅक्सने थांबावं, हे तो ठरवत नाही. ज्याने मागितलं त्याला देतो. ही गोष्ट मनात ठेवूनच त्या चार ओळींकडे जायचं आहे.

त्याआधी एका नावाजवळ थांबतो, कारण या रचनेचा पहिला सुंदर शब्द तिथे आहे.

आमच्याकडे आरए-८१ जातीच्या डिस्क होत्या. चौदा इंची तबकड्या, एका डिस्कमध्ये ४५६ मेगाबाइट. पुढच्या पट्टीवर बटणं. त्यातली दोन ए आणि बी अशा अक्षरांची. दोन्ही आत दाबलेली असतील तर डिस्क दोन कंट्रोलरना दिसते: एका वेळी एकाच्या हाती, तो गेला तर दुसऱ्याच्या. शेजारी एक छोटा प्लास्टिकचा तुकडा खोचलेला असतो, त्यावर डिस्कचा क्रमांक. हा तुकडा हातात घेऊन खोचला की टक् असा आवाज येतो. पाच क्रमांकाची डिस्क ही त्या टक् मुळे पाच क्रमांकाची होते.

आता हिचं नाव काय? आधी नाव असायचं कंट्रोलरच्या नावावरून: अमुक एचएससीकडची डीयूए-पाच. म्हणजे नावातच वाट आलेली. पण ती वाट बंद पडली आणि डिस्क दुसऱ्या कंट्रोलरकडे गेली तर? नाव बदलणार, आणि उघड्या फायलींचा धागा तुटणार. म्हणून दोन्ही कंट्रोलरना एकच क्रमांक द्यायचा, शून्य सोडून, २५५ पर्यंतचा कोणताही. त्याला म्हणतात अलोकेशन क्लास. आम्ही दोन्हींच्या कन्सोलवर १ दिला. मग त्या डिस्कचं नाव झालं $१$डीयूए५. दोन डॉलरच्या मधला एक म्हणजे आडनाव, दोन्ही घरांचं एकच; पुढचं डीयूए५ म्हणजे नाव. या नावात वाट कुठेही नाही. कोणत्याही दाराने आली तरी ती तीच. इतक्या कमी अक्षरांत पत्ता आणि ओळख यांची फारकत केलेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

अर्थात आडनाव एक केलं की जबाबदारीही येते. त्या आडनावात पाच क्रमांकाचं दुसरं मूल असून चालत नाही. तो प्लास्टिकचा तुकडा चुकून दोन डिस्कवर सारखाच खोचला गेला तर दोन वेगळ्या डिस्क एका नावाने हाका मारल्या जातील, आणि मग लिहिलेलं कुठे गेलं याचा पत्ता नाही. आम्ही वहीत प्रत्येक टक् ची नोंद ठेवत असू.

आता मतं. इथे रचनेचा गाभा आहे आणि इथेच मला सगळ्यात जास्त रेंगाळायचं आहे.

प्रत्येक व्हॅक्सच्या पॅरामीटरच्या फायलीत दोन आकडे लिहायचे. एक व्होट्स, म्हणजे माझं स्वतःचं मत किती. दुसरा एक्स्पेक्टेड व्होट्स, म्हणजे सगळे हजर असताना एकूण मतं किती असायला हवीत. आमची यंत्रं तीन, अ, ब आणि क. प्रत्येकाला एक मत, आणि तिन्हींत एक्स्पेक्टेड व्होट्स तीन. यावरून यंत्र स्वतः कोरम काढतं: अपेक्षित मतांत दोन मिळवा, दोनने भागा, अपूर्णांक सोडून द्या. तीनाचे पाच, पाचाचे अडीच, अडीचाचे दोन. म्हणजे दोन मतं दिसत असतील तरच काम करायचं. चार मतं असतील तर उत्तर तीन. नेहमी निम्म्याहून जास्त. त्यामुळे जाळं मधोमध फाटलं आणि दोन तुकडे झाले, तरी दोन्ही तुकड्यांना एकाच वेळी कोरम मिळणं गणितानेच अशक्य.

आपल्याला कोरम हा शब्द परका नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत तो ऐकू येतो. गणसंख्या भरली नाही, सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी, आणि आता कोरमची अट नाही. सभेसाठी ही सोय योग्य आहे, माणसांना एकत्र बसून ठराव करायचा असतो, आणि न आलेला सभासद पुढच्या वेळी हरकत घेऊ शकतो. डिस्कला हरकत घेता येत नाही. एका ब्लॉकवर दोन यंत्रांनी एकमेकांना न विचारता लिहिलं की पहिलं लिहिलेलं गेलं, आणि गेलं हे कळायलाही कधी कधी महिने लागतात. म्हणून व्हॅक्सच्या कोरमला अर्ध्या तासाची पळवाट नाही. दोन मतं नाहीत तर नाहीत. तास गेला तरी नाहीत, रात्र गेली तरी नाहीत.

या दोन पॅरामीटरांपैकी 'एक्स्पेक्टेड' हा शब्द मला सर्वांत वजनदार वाटतो. यंत्र चालू होताना त्याला आपल्या भोवती कोण आहे हे ठाऊक नसतं. जाळ्यावर कुणी दिसलं नाही तर त्याचे अर्थ दोन: कुणी नाहीच, किंवा सगळे आहेत आणि मलाच दिसत नाही. आतून पाहणाऱ्याला हे दोन्ही अर्थ सारखेच दिसतात. 'अपेक्षित' हा आकडा त्या क्षणी यंत्राला सांगतो की तुला दिसतंय त्यापेक्षा जग मोठं आहे. घाईत असलेला एखादा ऑपरेटर यंत्र लवकर वर यावं म्हणून तिथे तीनच्या जागी एक लिहितो. मग ते यंत्र एकटंच उठतं, मीच क्लस्टर म्हणतं आणि डिस्कवर लिहू लागतं. पलीकडे दुसरं यंत्रही एक लिहून उठलेलं असेल तर दोघं आपापल्या परीने प्रामाणिकपणे त्याच डिस्कची नासाडी करतात. कंट्रोलर दोघांचंही ऐकतो. त्याचं कामच ते आहे.

यंत्रं दोनच असतील तर गणित अडतं. दोनाचा कोरम दोन, म्हणजे एक गेलं की दुसरं थांबणार. त्यासाठी डिस्कलाच एक मत देण्याची सोय आहे. तिला कोरम डिस्क म्हणतात. तिच्यावर कोरम.डॅट नावाची छोटी फाइल असते. यंत्रं ठरावीक सेकंदांनी ती वाचत-लिहीत राहतात. फायलीत आपल्याच क्लस्टरची माणसं लिहिताना दिसत असतील तर डिस्कचं मत आपल्या बाजूला धरायचं. परकं कुणी लिहीत असेल तर धरायचं नाही. या डिस्कविषयीचे दोन नियम मी नवख्यांना नेहमी मोठ्याने वाचायला लावायचो. क्लस्टरमध्ये कोरम डिस्क एकच असावी. आणि तिची प्रत असू नये. इतर प्रत्येक महत्त्वाच्या डिस्कची जुळी प्रत ठेवा म्हणून सांगणारी माणसं इथे नको म्हणतात, कारण ही डिस्क साक्षीदार आहे. साक्षीदाराला जुळा भाऊ असला आणि फाटाफुटीत एकेक भाऊ एकेका बाजूला गेला, तर दोन्ही बाजूंना साक्ष मिळेल.

आता ती रात्र.

मुंबईतल्या एका कार्यालयाची संगणक-खोली. बाहेर पाऊस, आत एसीची गारठवणारी हवा. क हे यंत्र दुरुस्तीसाठी दुपारपासून बंद होतं. अ आणि ब चालू, दोन मतं, कोरम दोन. म्हणजे अगदी काठावर. वरच्या मजल्यावर महिनाअखेरच्या नोंदी चालल्या होत्या. ब हे यंत्र ११/७५० जातीचं. त्याच्या कन्सोलवर कंट्रोल आणि पी या दोन कळा एकत्र दाबल्या की प्रोसेसर जागच्या जागी थांबतो आणि तीन बाणांची खूण येते. पॅनेलवरची किल्ली सुरक्षित खाचेत फिरवलेली असती तर कळांचा उपयोग झाला नसता. ती फिरवलेली नव्हती, आणि त्या दोन कळा माझ्याकडून दाबल्या गेल्या.

तीन बाण दिसले आणि माझे हात गार पडले. पलीकडे अ च्या कन्सोलचं छापणारं डोकं खडखडलं. पहिली ओळ. लगेच दुसरी. मग शांतता. खोलीत पंख्यांचा आवाज होता, डिस्कच्या तबकड्या फिरत होत्या, सगळे दिवे हिरवे होते. आमचे वरिष्ठ शेजारच्या टेबलावर होते. ते उठून आले, अ चा कागद वाचला आणि म्हणाले, "अ ला हात लावू नकोस. ते थांबलंय, ते बरोबर आहे. तू ब कडे बघ." मी सी हे अक्षर दाबलं, कंटिन्यू. ब जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागलं. तिसरी ओळ. चौथी ओळ.

त्या शांततेत अ च्या हाती काय होतं ते पाहा. कंट्रोलर ठणठणीत. डिस्क तयार. केबल शाबूत. अ ने लिहायला मागितलं असतं तर एचएससीने एका क्षणात लिहून दिलं असतं. बाहेरून अ ला अडवणारं काहीही नव्हतं. एवढंच नव्हे, त्या रात्री अ ने लिहिलं असतं तर काही बिघडलंही नसतं, कारण ब खरोखरच गोठलेलं होतं. पण हे अ ला कळायला मार्ग नव्हता. ब मेलं आहे, की ब आणि क मिळून दोन मतांनिशी त्याच डिस्कवर काम करत आहेत, हे अ ला आतून सारखंच दिसत होतं. म्हणून ते थांबलं. हात पोचत असताना आवरणं, आणि कुणी सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःला खात्री नाही म्हणून आवरणं, हे मी यंत्रात पहिल्यांदा पाहिलं.

आता शब्द. दुसऱ्या ओळीत इंग्रजीत 'ब्लॉकिंग' आहे. 'एरर' नाही, 'फेल्युअर' नाही, 'अबॉर्ट' नाही. काम मोडलेलं नाही, अडवून धरलेलं आहे. चौथ्या ओळीतला 'रिझ्युमिंग' त्याला जोडून येतो: पुन्हा सुरुवात नाही, सोडलं होतं तिथून पुढे. दोन्ही क्रियापदं चालू काळातली, आणि दोन्हींना कर्ता नाही. कोण अडवतं आहे हे ओळीत कुठेच लिहिलेलं नाही. मराठीत मी 'थांबवत आहे' लिहिलं तेव्हा 'मी' टाळला, पण क्रियापदातून तो डोकावतोच. इंग्रजीत तोही नाही. ओळींचा क्रमही मुद्दाम पाहण्यासारखा आहे. आधी घडलेली गोष्ट, संपर्क तुटला. मग तिचा अर्थ, कोरम गेला. मग कृती, थांबणं. कुणी मेलं असा शब्द कुठेही नाही. जे कळलं तेवढंच सांगितलं आहे: 'ब बंद पडलं' असं नव्हे, 'ब शी संपर्क तुटला' असं. माणसाने लिहिलेल्या किती बातम्यांत हा भेद पाळलेला दिसतो?

माझे सतरा सेकंद वीसच्या आत होते, हे आमचं नशीब. हरवलेल्या यंत्राची वाट किती पाहायची यासाठी एक पॅरामीटर असतो, सहसा वीस सेकंदांचा. त्या रात्री क चालू असतं तर अ आणि क यांच्याकडे दोन मतं असती. वीस सेकंद सरल्यावर त्यांनी ब ला सभासदत्वातून काढलं असतं, त्याने धरलेली कुलुपं सोडवली असती आणि पुढे काम चालू केलं असतं. आणि मग मी सी दाबलं असतं तर? ब जागं झालं असतं. त्याच्या दृष्टीने क्षणही गेलेला नाही. हातात अर्धं काम, मनात पूर्ण हक्क. मग त्याला इतरांकडून कळतं की तू आता आमच्यात नाहीस. अशा वेळी व्हॅक्स स्वतःला पाडतं, आणि पडताना कन्सोलवर कारण छापतं: हे यंत्र स्वेच्छेने व्हॅक्सक्लस्टरमधून बाहेर पडत आहे. 'व्हॉलंटरिली' असा शब्द आहे तिथे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो होतो. चूक त्याची नाही, स्मृती त्याची शाबूत आहे, आणि तरीही आपल्या स्मृतीपेक्षा इतरांचं बहुमत खरं मानून ते बाजूला होतं. बाजूला होतं म्हणजे पुन्हा चालू होऊन, रिकाम्या हातांनी, परत सभासदत्व मागायला येतं.

कुलुपांचा उल्लेख झाला म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या क्लस्टरमध्ये कोणत्याही वस्तूवर सहा प्रकारचं कुलूप घालता येतं. सहावं सर्वांत कडक, मी सोडून कुणी वाचायचंही नाही. रेल्वेच्या आरक्षणासारख्या कामात ते किती मोलाचं हे सांगायला नको; आपल्या रेल्वेची संगणकीकृत आरक्षण प्रणाली १९८५ च्या सुमारास दिल्लीत व्हॅक्सवरच सुरू झाली, आणि पुढे मुंबईसह पाच केंद्रं एकमेकांना जोडली गेली. एक बर्थ दोन खिडक्यांवर विकली जाऊ नये, एवढंच ते कुलूप पाहतं. पण माझं आवडतं कुलूप पहिलं, त्याचं नाव 'नल'. ते कुणालाही अडवत नाही. मग घालायचंच कशाला? गाडीत रुमाल टाकून जागा धरावी तसं हे नाही; रुमाल दुसऱ्याला बसू देत नाही, नल सगळ्यांना बसू देतं. ते फक्त एवढंच म्हणतं की या वस्तूशी माझं नातं आहे, मी नंतर येईन, माझं नाव काढून टाकू नका. गरज लागली की त्याच कुलुपाचं कडक रूप मागता येतं, नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. काही न मागता ओळख टिकवणं यालाही या रचनेने एक पद दिलं आहे.

हे सगळं यंत्रांच्या संयमावर उभं आहे, आणि तीच त्याची मर्यादाही आहे. गोठून जागं झालेल्या यंत्राच्या हातून, आपल्याला काढलंय हे कळायच्या आत, एखादा लिहिण्याचा आदेश निसटला तर? वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच डिस्क-संचाला जोडली जाऊ लागली तेव्हा प्रत्येकाच्या शीलावर विसंबणं शक्य राहिलं नाही. मग जबाबदारी कंट्रोलरच्या दाराशी आली. १९९७ मध्ये विंडोज एनटीच्या एंटरप्राइज आवृत्तीबरोबर दोन यंत्रांचं क्लस्टर आलं, वुल्फपॅक या टोपणनावाचं. त्यात डिस्कवर स्कझी या डिस्क-जोडणीच्या पद्धतीतलं आरक्षण घ्यायचं: एक यंत्र डिस्क आपल्या नावे करतं, कंट्रोलर दुसऱ्याला आरक्षण-संघर्ष असं उत्तर देऊन परत पाठवतो.

इथेही एक फार देखणी जागा आहे. दोन यंत्रांचा एकमेकांशी संपर्क तुटला, आणि डिस्क पहिल्याच्या नावे आहे. पहिलं जिवंत आहे का, हे दुसऱ्याने कसं ओळखायचं? दुसरं यंत्र 'बस'ला, म्हणजे दोघांना डिस्कशी जोडणाऱ्या सामायिक तारेला, रीसेट देतं. रीसेटने आरक्षण पुसलं जातं, डिस्क कुणाचीच राहत नाही. आणि मग ते यंत्र डिस्क घेत नाही. दहा सेकंद थांबतं. पहिलं जिवंत असेल तर ते दर तीन सेकंदांनी आपलं आरक्षण पुन्हा लिहीत असतं. दहा सेकंदांत त्याला तीन संधी मिळतात. दहा सेकंदांनी दुसरं यंत्र डिस्क मागतं. नकार आला तर समजायचं की मालक आहे, आणि मागे फिरायचं. म्हणजे आव्हान देणारा आधी पाटी पुसतो आणि मग खडू खाली ठेवून बाजूला उभा राहतो. घराणं दुसरं, पण सम तीच: हात पोचत असताना थांबणं.

पुढच्या पिढीत रीसेटने न पुसली जाणारी आरक्षणं आली, पर्सिस्टंट रिझर्व्हेशन. प्रत्येक यंत्र कंट्रोलरकडे आठ बाइटची किल्ली नोंदवतं. नोंद असलेले सगळे लिहू शकतील, नसलेला कुणीही नाही, असंही ठरवता येतं. संशयित यंत्राची किल्ली उरलेल्यांपैकी एक जण रद्द करतो. त्या आदेशाच्या एका रूपात त्या यंत्राचं रांगेत असलेलं अपुरं कामही तिथेच मोडलं जातं. निसटलेल्या आदेशाचं भय असं मिटलं. कंट्रोलरवर सोय असेल तर वीज जाऊन आली तरी या नोंदी टिकतात. हे जास्त सुरक्षित आहे, मी स्वतः पुढे अनेक ठिकाणी हेच बसवलं, आणि आज कुणी विचारलं तर हेच बसवा म्हणेन. पण रसिक म्हणून विचाराल तर मन त्या जुन्या रचनेकडे जातं. इथे दारावर पहारेकरी आहे आणि तो परक्याला अडवतो. तिथे दार उघडं होतं.

त्या रात्री वरच्या मजल्यावर नोंदी करणाऱ्या बाईंना मी सकाळी भेटलो. त्यांना मध्येच कधीतरी पडदा थिजल्याचं आठवत होतं. एक नोंद संपवून त्यांनी रिटर्नची कळ दाबली होती, उत्तर आलं नव्हतं. सवयीने त्या पुढच्या पावतीचा क्रमांक टाइप करत राहिल्या, पडद्यावर काहीच उमटत नसताना. मग एकदम आधीच्या नोंदीची पोच आली, आणि तिच्या पाठोपाठ, त्यांनी अंधारात टाइप केलेले आकडे एका दमात पडद्यावर उतरले. त्यांनी ते पावतीशी ताडून पाहिले होते. सगळे होते, त्याच क्रमाने.